२०२५ मध्ये आलेल्या नव्या मराठी मालिकांपैकी कोणती पाहण्यासारखी आहे, की सगळ्याच डोकं बाजूला ठेवून पाहायच्या?

प्रश्नाचा पहिला अर्धा भाग विचारून थांबला असतात तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. ‘डोकं बाजूला ठेवून’ वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य माझे धाकटे दीर मला बरीच वर्षं ऐकवत आलेत, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी तुमच्यापुरतं सांगते. ‘वीण दोघांतली ही तुटेना’ बघा. ‘कमळी’ चालेल. बाकीच्यांबद्दल पुढे.

आमच्या घरी मालिका ऐकतात. सासूबाईंची नजर काचबिंदूने गेली, आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. आम्ही ठाण्यात चरईत राहतो. गडकरी रंगायतन १९७८ साली सुरू झालं तेव्हापासून सासूबाईंनी तिथली नाटकं सहसा चुकवली नाहीत. घरचं आवरून मैत्रिणींबरोबर चालत जायच्या, रात्री चालत परत. नटाने वाक्य कुठे तोडलं, श्वास कुठे चोरला, हशा येण्याआधीच पुढचं वाक्य कोणी दामटलं, हे सगळं त्या घरी येऊन सांगायच्या. आता तिथवर जाणं झेपत नाही. म्हणून संध्याकाळ टीव्हीची. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असते, त्या बाहेरच्या खोलीत सुपात लसूण घेऊन बसतात. चाचपून सोलतात, पण एका पाकळीला साल राहत नाही. मध्ये भिंत आहे, त्यामुळे पडदा मलाही दिसत नाही.

म्हणून मालिकेची माझी परीक्षा एकच. पोळी तव्यावर असताना, टीव्हीकडे पाठ करून, गोष्ट समजली पाहिजे. लिहिणाऱ्याने संवाद लिहिले असतील तर समजते. लिहिले नसतील तर काय होतं बघा. कोणीतरी दारात येतं. ढॅण्ण करून आवाज. मग पुन्हा ढॅण्ण, आणखी एकदा ढॅण्ण. मग बासरी. सासूबाई बाहेरून विचारतात, “कोण आलं गं?” मी पीठाच्या हाताने बाहेर येऊन बघते. “अजून दाखवलं नाही आई. सगळे दाराकडे बघतायत.” “मग बोलत का नाही कोणी?” आणि जाहिराती लागतात. आलं कोण ते दुसऱ्या दिवशी कळतं.

आमच्या इमारतीतला एक मुलगा घोडबंदर रोडवरच्या सेट्सवर साउंडचं काम करतो. तो सांगतो, पुष्कळदा सीनचे कागद सकाळी सेटवर येतात. नट मेकअप करता करता पाठ करतात आणि संध्याकाळपर्यंत टेलिकास्टच्या लायकीची वीस-बावीस मिनिटं हातात पडावी लागतात. बोलणं कमी पडलं की चेहरे ताणायचे. एकेका चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा नेला की मिनिट भरतं. मला त्या सेटवरच्या लोकांचा राग नाही, बारा-बारा तास राबतात बिचारे. राग आहे तो रोजच्या या रतीबाला लेखक पुरेसे न ठेवणाऱ्यांचा. एका माणसाने रोज वीस मिनिटांचं नाटक लिहायचं म्हटलं तर तो चेहरेच मोजणार.

त्यात निम्म्या मालिका बाहेरून आणलेल्या. ‘ठरलं तर मग’ मूळ तमिळ ‘रोजा’, ‘आई कुठे काय करते’ मूळ बंगाली ‘श्रीमयी’, ‘लक्ष्मी निवास’ कन्नड, ‘कमळी’ तेलुगू. आणण्यात काही वाईट नाही, ‘आई कुठे’मधली अरुंधती शेवटपर्यंत आपल्या शेजारची वाटली. पण घाईत उतरवून काढलेली वाक्यं कानाला लगेच कळतात. ठाण्या-मुंबईतली सून सासऱ्यांशी “मी तुम्हाला वचन देते बाबा, या घराचा सन्मान मी कधीच कमी होऊ देणार नाही” असं बोलते का? ती म्हणते, “बाबा, मी बघते काय ते.” सासूबाई असल्या वाक्याला लसूण सोलता सोलता “हं, म्हणा पुढे” म्हणतात. तेवढ्यावर त्या लेखकाचा निकाल लागलेला असतो.

आता दिरांचं. ते खारघरला असतात, रविवारी आईला भेटायला येतात. माणूस प्रेमळ आहे, आईची औषधं कधी संपू देत नाहीत. पण त्यांचं ठाम मत की मी आईंना ‘सीरियलचं व्यसन’ लावलं. एकदा जुनी गाणी आणि अभंग भरलेला रेडिओ घेऊन आले. “वहिनी, या वयात आईने नामस्मरण ऐकायचं. तुम्ही तिला कुणाच्या नवऱ्याची भानगड कुणाशी, हे ऐकवता.” मी काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, “अरे, अभंग मला पाठ आहेत. उद्या काय होणार ते पाठ नाही.” रेडिओ आहे अजून, सकाळी सातला त्या स्वतः लावतात. संध्याकाळी नाही.

‘ठरलं तर मग’ नवी नाही, डिसेंबर २०२२ पासून चालू आहे आणि टीआरपीत बहुतेक पहिलीच असते. तरी तिच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यातली पूर्णा आजी म्हणजे ज्योती चांदेकर. सासूबाईंना मालिकेतल्या बाकीच्या कोणाचं फारसं सोयरसुतक नव्हतं, पूर्णा आजी बोलायला लागली की हातातलं काम थांबायचं. १६ ऑगस्ट २०२५ ला ज्योतीताई गेल्या. मी मोबाइलवर वाचलं आणि लगेच आईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, “म्हणजे पूर्णा आजी गेली?” मी म्हटलं, “पूर्णा आजी आहे, ज्योतीताई गेल्या.” बराच वेळ त्या गप्प बसल्या. मग डोळे पुसले आणि म्हणाल्या, “आता तिचं कोण बोलणार?” त्या रात्री नुसता दहीभात खाल्ला.

रविवारी दिरांना हे कळलं. “वहिनी, नटीचं सुतक पाळताय का घरात? या गोष्टी डोकं बाजूला ठेवून बघायच्या असतात, तुम्ही आईच्या डोक्यात भरवून ठेवल्यात.” मला ते फार लागलं. रोज संध्याकाळी ज्या माणसाचा आवाज घरात येतो, तो बंद झाल्यावर वाईट वाटणं यात डोकं बाजूला ठेवण्यासारखं काय आहे? ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी माणूस म्हणजे आवाजच. मी हे तेव्हा बोलले नाही, कारण जेवणं व्हायची होती.

पुढे मालिकेत पूर्णा आजी परत आली. योगायोगाने त्या दिवशी दीर घरी होते, टीव्हीसमोरच्या कोचावर, हातात मोबाइल. मी आत. आजीचं पहिलं वाक्य आलं आणि सासूबाईंचा आवाज आला, “थांब, थांब. आवाज वाढव गं जरा.” मी हात पुसत बाहेर आले. सुपात अर्धा लसूण तसाच, बोटांत एक पाकळी, मान टीव्हीच्या बाजूला कललेली. आणखी दोन वाक्यं झाली असतील नसतील. “अगं ही ‘चार दिवस सासूचे’तली! रोहिणी हट्टंगडी!” दिरांनी मोबाइलमधून मान वर केली, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, “कोण?”

‘चार दिवस सासूचे’ ई टीव्ही मराठीवर २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांवर भाग झाले. इतकी वर्षं कानावर पडलेला आवाज आईंनी दोन-तीन वाक्यांत ओळखला, आणि ज्यांचे डोळे शाबूत त्यांना समोर दिसणारी बाई कळेना. सासूबाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. जेवताना दिरांना समजावून सांगत होत्या, “ज्योतीबाईंच्या आवाजात घरातली माया होती. हिच्या आवाजात जरब आहे, आणि मायेने बोलतानाही ती जरब खाली राहते. पण ही त्यांची नक्कल करत नाहीये, ते फार चांगलं केलं. नक्कल केली असती तर मला ऐकवलं नसतं.” भाऊजी, हे तुम्ही वाचत असाल तर सांगा, हे बोलणाऱ्या बाईने डोकं कुठे बाजूला ठेवलं होतं?

ताणण्याबद्दल मात्र मी दिरांच्या बाजूने आहे. ‘ठरलं तर मग’मधल्या मधुभाऊंच्या खटल्याचा निकाल यायला अडीच वर्षांच्या वर गेली, मध्ये किती साक्षी आणि किती पुरावे आले नि गेले. ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ जानेवारी २०१२ मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी संपली, म्हणूनच लोक घना आणि राधाचं नाव अजून काढतात. त्यात अख्खं घर एका खोलीत बोलत असायचं, आणि न बघता कोण काय बोललं ते कळायचं, कारण प्रत्येकाची बोलण्याची तऱ्हा वेगळी लिहिलेली होती.

आता नव्या मालिकांकडे. ‘वीण दोघांतली ही तुटेना’ ११ ऑगस्ट २०२५ ला झी मराठीवर आली, सुबोध भावे आणि तेजश्री प्रधान. धाकट्या भावंडांचं एकमेकांवर प्रेम, त्यापायी थोरल्यांचं लग्न. गोष्ट ओळखीची आहे. पण दोघंही वाक्याचा शेवट खात नाहीत, शेवटचं अक्षर कानापर्यंत पोचतं. वयाने पोक्त झालेली दोन माणसं भांडताना आवाज न चढवता भांडतात, हे टीव्हीवर क्वचित ऐकायला मिळतं. समर आणि स्वानंदीचे दोघांचेच प्रसंग असतात तेव्हा मला बाहेर यावं लागत नाही. कट-कारस्थानं सुरू झाली की ढॅण्ण सुरू होतं, तेवढं सोसा.

‘कमळी’ ३० जूनपासून. गावची मुलगी शिकायला मुंबईत येते. तिची बोली वेगळी असल्यामुळे ती खोलीत आली की लगेच कळतं, आणि शिकण्यासाठी चाललेली धडपड सासूबाईंना आवडते, कारण त्यांना सातवीनंतर शाळा सोडावी लागली. गावाकडच्या माणसाला बावळट दाखवण्याची खोड मात्र आपल्या मालिकांची जात नाही.

‘तारिणी’ कानांसाठी नाही. मारामारी, धावपळ, गाड्यांचे आवाज, काही पत्ता लागत नाही. शिवानी सोनार चांगलं काम करते, तुम्हाला दिसत असेल तर बघा. ‘लक्ष्मी निवास’ डिसेंबर २०२४ ची, म्हणजे तुमच्या प्रश्नात काठावर बसते. स्वतःचं घर व्हावं म्हणून झटणारं मध्यमवर्गीय जोडपं, हा विषय ठाण्यात कोणाला परका आहे? सुरुवातीला आम्ही मन लावून ऐकली. मग जयंतचा विकृत संशयीपणा इतका वाढवला की घर राहिलं बाजूला. एवढ्या माणसांची मालिका ऐकताना नावं तरी घ्यावीत एकमेकांची, तीही घेत नाहीत. आम्ही सोडली.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ च्या ४२व्या कलमात स्पष्ट म्हटलंय की इलेक्ट्रॉनिक माध्यमांत ऑडिओ डिस्क्रिप्शन, सांकेतिक भाषा आणि कॅप्शन मिळेल याची सरकारने व्यवस्था करावी. ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणजे दोन संवादांच्या मधल्या जागेत एक आवाज सांगतो, ‘सायली दार उघडते, समोर प्रिया.’ बस. ओटीटीवरच्या काही इंग्रजी मालिकांना ते असतं. २०१९ साली माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने टीव्हीसाठी नियम काढले तेही ऐकू न येणाऱ्यांसाठी, त्यांचंही भलं व्हावं. न दिसणाऱ्यांचं काय? आमच्या घरी एकाही मराठी मालिकेला हा आवाज कधी ऐकू आलेला नाही. आणि जागा तर भरपूर आहे हो, त्या तीन ढॅण्णच्या मध्ये अख्खा परिच्छेद वाचून होईल.

आमच्याकडे झी आणि प्रवाह जास्त लागतं, कलर्स, सोनी, सन अधूनमधून, तेव्हा तिथलं काही चांगलं माझ्याकडून सुटलेलं असू शकेल. सेट, कपडे, दागिने, कॅमेरा यातलं मला विचारू नका. रात्री उशिराच्या भीतीच्या मालिका सासूबाई लावू देत नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर माझं मत नाही. आणि मालिका सुरुवातीला बऱ्या लिहिलेल्या असतात, पुढे ढेपाळतात. मी आज चांगली म्हटलेली तुम्ही बघाल तेव्हा बिघडलेली असेल तर मला बोल लावू नका.

तुमच्या घरी कोणाला डोळ्यांनी दिसत नसेल तर संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसा. फक्त एवढं सांगा, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, पत्र किंवा मोबाइल कोणाच्या हातात आहे. “ती रागावली”, “तो रडतोय” हे सांगू नका. ते त्यांना तुमच्याआधी कळलेलं असतं, आणि आपण मध्ये बोलल्यामुळे पुढचं वाक्य मात्र बुडतं. सासूबाई मला त्यावरून अजून ओरडतात.