ट्रॅक डेसाठी रोजच्या गाडीत रोल बार बसवावा का? बोल्टचा की वेल्डिंगचा? घरी बसवता येतो का?

तुमची गाडी बंद छताची हॅचबॅक, रोजच्या वापरातली. अधूनमधून ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी रेस ट्रॅकवर चालवायच्या दिवशी, नेता. चार टोकांचा हार्नेस, म्हणजे दोन्ही खांदे आणि कंबर बांधणारा रेसचा पट्टा, घेऊन ठेवलाय आणि आता तो अडकवायला रोल बार, म्हणजे सीटमागे उभी राहणारी पोलादी पाइपची कमान, हवाय. प्रश्नावरून मला एवढं कळलं. यात हार्नेस आधी आला, तिथेच क्रम उलटा झालाय, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करतो.

गाडी उलटली की छत खाली येतं. कंपनीच्या साध्या पट्ट्यात तुमचा एकच खांदा बांधलेला असतो, त्यामुळे धड बाजूला कलू शकतं. हार्नेस मात्र दोन्ही खांदे सीटला जखडून ठेवतो. तुम्ही ताठ बसलेले आणि छत डोक्यावर, म्हणजे सगळा भार मानेवर. म्हणून बारशिवाय हार्नेस नको. आणि चार टोकांचा तर बार असला तरी नको. समोरून धडक बसली की खांद्यांचे पट्टे कमरेचा पट्टा वर, पोटावर ओढतात आणि शरीर त्याच्या खालून पुढे सरकतं. ते रोखायला मांड्यांमधून येणारा पट्टा लागतो, म्हणजे पाच किंवा सहा टोकांचा हार्नेस. तो घालायला खाली भोक असलेली बकेट सीट, म्हणजे शरीर बाजूंनी धरून ठेवणारी रेसची सीट, हवी. आणि शरीर असं बांधून टाकल्यावर डोकं तेवढं पुढे फेकलं जातं, म्हणून हेल्मेटला हान्ससारखं मान सांभाळणारं साधन हवं. एक वस्तू आणली की उरलेल्या आपोआप मागे येतात, आणि निम्म्यावर थांबलात तर काही बाबतींत आधीपेक्षा जास्त धोक्यात असता.

आता उलट बाजू. बार बसवला, पण सीट आणि पट्टा कंपनीचाच ठेवला, आणि सोमवारी सिग्नलला मागून कोणी ठोकलं, तर? कंपनीची सीट मागे बरीच लवते, डोकं मागे आणि थोडं वर जातं, आणि तिथे पोलादी पाइप असतो. त्या वेळी हेल्मेट घरी कपाटात. पाइपवर गुंडाळायचा मऊ फोम मिळतो, तो निव्वळ शोभेचा. एसएफआय (रेसिंगच्या सुरक्षा साधनांची मानकं ठरवणारी अमेरिकी संस्था) 45.1 किंवा एफआयए (जागतिक मोटार रेसिंग संघटना) 8857-2001 मानकाचं पॅडिंग बोटाने दाबून बघा, जवळजवळ लाकडासारखं कडक लागतं. ते हेल्मेटच्या आतल्या डोक्यासाठी आहे, उघड्या डोक्यासाठी नाही.

म्हणून माझं मत: रोज वापरायची गाडी, वर्षातून मोजके ट्रॅक डे आणि बंद छत असेल तर कंपनीचाच पट्टा, कंपनीची सीट, शाबूत एअरबॅग आणि चांगलं हेल्मेट यांवर राहा. पैसे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि टायरवर घाला. उघड्या छताची गाडी असती तर मात्र बार पहिला, बाकी सगळं नंतर, असं सांगितलं असतं. तिथे एक सोपी परीक्षा असते. हेल्मेट घालून सीटवर बसायचं आणि बारच्या माथ्यापासून विंडस्क्रीनच्या वरच्या चौकटीपर्यंत सरळ काठी धरायची. हेल्मेट काठीच्या खाली राहायला हवं, आणि चिकटून नाही, किमान 5 सेंटीमीटर अंतर ठेवून. उंच माणसं इथेच नापास होतात, आणि मग सीट खाली घेण्यापासून सुरुवात करावी लागते.

तरीही बसवायचाच असेल, तर पाइपची चौकशी सगळेच करतात, पत्र्याची कोणी करत नाही. पाइपचं गणित तसं ठरलेलं आहे. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला अखंड, बिनजोड काढलेला कार्बन स्टील पाइप लागतो, 45 मिमी व्यासाचा 2.5 मिमी जाडीत किंवा 50 मिमीचा 2 मिमी जाडीत. पहिला मीटरला साधारण 2.6 किलो भरतो, दुसरा 2.4 च्या आत. पाण्याचा किंवा फर्निचरचा पाइप वाकवून देणारे भेटतात, त्यांना नमस्कार करून निघा. वाकताना किंवा मार बसताना तो शिवणीवर उकलू शकतो. वळणावर पाइप चपटा झालेला किंवा सुरकुतलेला दिसला तरी परत करा.

पण कमान कितीही दणकट असो, ती उभी असते मिलिमीटरभर जाडीच्या पत्र्यावर. नुसते बोल्ट आणि वायसर लावलेत तर गाडी उलटल्यावर पाय पत्रा फोडून खाली जातो आणि कमान आहे तशी गाडीच्या पोटात उतरते. म्हणून मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाखाली किमान 3 मिमी जाडीची, 120 चौरस सेंटीमीटरची प्लेट आणि 8.8 ग्रेडचे निदान तीन एम8 बोल्ट, असं एफआयए सांगते. ती प्लेटसुद्धा बॉडीला वेल्ड केलेली हवी. पाय फ्लोअरच्या सपाट मधल्या भागात नको, जिथे फ्लोअर सिलला, म्हणजे दाराखालच्या जाड कडेला, मिळतो त्या कोपऱ्यात हवा. मागचे दोन टेकू चाकाच्या कमानीवर, सस्पेन्शनच्या बुरुजाजवळ. आणि मुख्य कमानीत तिरका पाइप नसेल तर बाजूने मार बसला की चौकट कलते. तसा बार घेऊच नका.

बोल्टचा बार घरी बसवता येतो, पायाखालच्या प्लेटचं वेल्डिंग तेवढं बाहेरून करून घ्या, आणि मदतीला एक शहाणा माणूस हवा. सीट, कार्पेट आणि खालचा डांबरी थर पूर्ण काढा, उघड्या पत्र्यावरच पाय बसला पाहिजे. कार्पेट मध्ये राहिलं तर ते दबत जातं आणि बोल्ट सैल होतात. कमान आत ठेवा, सगळे बोल्ट हाताने अडकतायत का बघा, खुणा करा, आणि मग कमान पुन्हा बाहेर काढा. भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन त्या जागेच्या नेमकं खाली काय आहे ते बघा: पेट्रोलची नळी, ब्रेकची नळी, वायरिंग, टाकी. आधी बारीक भोक, खालून खात्री, मग मोठं. ड्रिल चालू असताना खालच्या माणसाने लांब राहायचं. भोकाच्या कडा कानशीने घासा, प्रायमर लावा, खालून सीलर भरा, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज तिथूनच सुरू होतो. सगळे बोल्ट सैल ठेवून बार जागेवर बसू द्या आणि मग टॉर्क पान्याने आवळा. पहिल्या ट्रॅक डेनंतर पुन्हा तपासा.

वेल्डिंगचा बार जास्त मजबूत, पण तो घरचा उद्योग नाही. शेजारीच टाकी, आत फोम आणि वायरिंग, आणि वेल्ड वरून छान दिसला तरी आत शिरलाय की नाही हे बघून कळत नाही. रेस कारची कामं करणाऱ्याकडेच द्या. आणि तो वेल्ड केला की गाडी रोजची राहत नाही, हे घरी आधीच बोलून घ्या.

हार्नेसचे खांद्याचे पट्टे बारच्या आडव्या पाइपला गुंडाळताना ते खांद्यावरून जवळपास आडवे मागे जायला हवेत. एफआयए 45 अंशांपलीकडचा उतार चालवून घेत नाही आणि 10 अंशांच्या आत ठेवा असं सुचवते. मागच्या सीटवर त्यानंतर कोणालाही बसवू नका, लहान मुलांना तर नाहीच. पडदा एअरबॅग (छताच्या कडेतून खिडक्यांवर उघडणारी) असेल तर बार तिच्या वाटेत येतो का तेही बघा. विमा कंपनीला लेखी कळवा आणि जिथे चालवणार त्या आयोजकांची नियमावली खरेदीआधी वाचा.

जुना बार स्वस्तात मिळत असेल तर रंग खरवडून जोड बघा. एकदा उलटलेल्या गाडीतला असेल तर तो भंगारात घाला, ठोकून सरळ केलेला अजिबात घेऊ नका.