आईची केमो आता चालूच राहणार आहे…

प्रश्न : आईला (वय 61) मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, लिव्हरपर्यंत गेलाय, चौथी स्टेज. सोमवारपासून मुंबईत दर 15 दिवसांनी केमो, ऑक्सॅलीप्लॅटिन आणि मग नळीतून हळूहळू औषध सोडणारा 46 तासांचा पंप. किती वेळा ते डॉक्टर सांगत नाहीत. आई विचारते कधी संपणार, मामा म्हणतात तिला काही सांगू नका. तयारी काय करू? – एक मुलगी, सांगली

उत्तर : ताई, माझ्या नवऱ्याचंही हेच औषध होतं त्यामुळे तुमचं पत्र वाचून पोटात तुटलं. पहिलं म्हणजे थर्मामीटर आणा आणि हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर फ्रिजवर चिकटवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी खाली येतात, तेव्हा ताप 100.4 ला गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी फोन करून निघायचं, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही.

या औषधाने गार वस्तू सोसत नाही. आमच्याकडे जानेवारीत ह्यांनी पहाटे दाराची कडी धरली आणि शॉक बसल्यासारखा हात मागे घेतला, मग मी कडीला जुनी सुती पट्टी गुंडाळली, तांब्यात कोमट पाणी ठेवायला लागले, फ्रिज उघडायचा तर हातमोजे. हातापायाला येणाऱ्या मुंग्या पुढच्या केमोपर्यंत राहत असतील तर डॉक्टरांना सांगाच, डोस कमी करता येतो, बायका सोसत बसतात म्हणून मुद्दाम लिहितेय. वांतीच्या गोळीने पोट कडक होतं, त्याचंही औषध आधीच मागून घ्या. आणि कुणी काढा, भस्म आणून दिलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको.

पंप लावून सांगलीला परत यायची दगदग नको, मुंबईतच थांबा, दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे तिथे चौकशी करा. रेल्वेत पेशंटला स्लीपर, थ्री एसी फुकट आणि सोबतच्याला 75 टक्के सवलत, फॉर्म हॉस्पिटलात मिळतो. झोपताना पंपाची पिशवी उशीजवळ ठेवा, ह्यांची एकदा कुशीवर वळताना नळी ताणली गेली होती.

आता मामांचं. ते मायेपोटीच म्हणतात पण आईला कळत असतं हो, फक्त मग ती एकटीच भिते. तिला किती कळून घ्यायचंय ते विचारा आणि डॉक्टरांना विचारून तेवढं खरं सांगा, की हा आजार बहुधा पूर्ण जाणार नाही, आटोक्यात ठेवायचा आहे, औषध लागू पडतंय आणि तुला झेपतंय तोवर घ्यायचं, मधे स्कॅन होतील, गरज पडली तर सुट्टीही मिळते. दुखणं, झोप यासाठी पॅलिएटिव्हच्या, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना आत्तापासूनच भेटा. त्यांच्याकडे गेलं म्हणजे आशा सोडली असं अजिबात नाही, केमोसोबतच चालतं ते.

बहुतेकांना दुसऱ्या आठवड्यात जरा बरं वाटतं. आमचे हे त्या दिवसांत अंगणात खुर्ची टाकून नातीला पाढे शिकवायचे. आईलाही विचारा, त्या आठवड्यात तिला काय करायचंय.