लाल गोळीनं बाळ काळं होतं का?

बीड जिल्ह्यातल्या एका तांड्यावर पाचव्या महिन्यातल्या सुनेचं हिमोग्लोबिन ८.६ निघालं. आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या लाल गोळ्या मात्र डब्यात तशाच. सासूबाईंनी मनातलं बोलून दाखवलं, "ताई, त्या गोळीनं शी काळी होती. मग लेकरू काळं नाही का व्हायचं?" सुनेची तक्रार वेगळी होती. गोळी घेतली की मळमळतं, पोट साफ होत नाही.

अशा वेळी रागावलं तर बाई पुढच्या भेटीला "घेते ना" म्हणून मोकळी होते, आणि खरं कळायची वाटच बंद होते. म्हणून आधी भीतीचं उत्तर द्यावं, तेही सासूसमोर. अंगी न लागलेलं लोह शीवाटे बाहेर पडतं, त्याचा तो काळा रंग. बाळाचा रंग आईबापाकडून येतो, गोळीतून नाही.

मग गोळी कधी घेतली, हे विचारलं. सकाळी उपाशीपोटी, कॅल्शियमच्या गोळीसोबत, वर चहा. बिघडत होतं ते इथंच. उपाशीपोटी मळमळ वाढते. चहा आणि कॅल्शियम लोह अंगी लागू देत नाहीत. हिमोग्लोबिन ७ ते १०.९ असलं की लोहाच्या रोज दोन गोळ्या लागतात. त्यांची वेळ अशी बसवली: कॅल्शियम न्याहारीबरोबर आणि रात्रीच्या जेवणात, लोहाची एक गोळी दुपारच्या भाकरीनंतर तासाभरानं, दुसरी निजताना, जेवणाला दोन तास उलटल्यावर. सोबत लिंबूपाणी. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा नाही. पोट साफ व्हावं म्हणून भरपूर पाणी, पालेभाजी, पेरू. जंताची गोळी चौथ्या महिन्यातच दिलेली होती.

महिन्यानं हिमोग्लोबिन ९.७ झालं. पण तोवर मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली, टोळी ऊसतोडीला निघायची वेळ आली. खरी गळती इथं होते. उसाच्या फडावर गोळ्या मिळतील या भरवशावर बाईला सोडू नये. दोन महिन्यांच्या लोहाच्या १२० आणि कॅल्शियमच्या तेवढ्याच गोळ्या बांधून द्याव्यात. माता-बाल कार्ड तिच्याजवळच हवं, त्याचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्ये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, तिथं फडाजवळच्या गावातही जाता येतं. अंगावरून रक्त गेलं, झटका आला, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, तर १०८.

नवऱ्यालाही एक गोष्ट पक्की सांगून ठेवावी: रोज गोळ्या घेऊनही महिन्यात हिमोग्लोबिन १ नं वाढलं नाही, तर मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. सातच्या खाली आलं, तर त्याच दिवशी.