दाराच्या चौकटीवरच्या खुणा

प्रश्न : माझी मुलगी वैद्यकीय शिक्षणासाठी युक्रेनमधील खारकीव्ह येथे एका कुटुंबात भाड्याने राहत होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध सुरू झाले, तेव्हा त्या घरमालकीण बाईंनी तिला आपल्या मुलाबरोबर भुयारी मेट्रोच्या स्थानकात नेले आणि स्वतःच्या डब्यातले खाऊ घातले. मुलगी सुखरूप कोल्हापूरला परतली. त्या बाई मुलाला घेऊन पोलंडमध्ये वॉर्सा येथे गेल्या; पती मागेच राहिले. फोनवरच्या भाषांतराच्या आधाराने आमची मैत्री जमली आहे. परंतु गेल्या महिन्यात त्या रडत म्हणाल्या, की मुलगा आता घरातही पोलिश बोलतो आणि मी आपल्या भाषेत विचारले तरी उत्तर पोलिशमध्येच देतो. मी पैसे देऊ केले, ते त्यांनी नाकारले. मी माझ्या घरात सुखाने बसून त्यांना धीर देणे मलाच खोटे वाटते. मी काय बोलावे?
— एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आपल्याला खोटे वाटते आहे ते धीराचे शब्द, मैत्री नव्हे, म्हणून शब्द थोडे बाजूला ठेवू या. आपल्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की ती आई आपल्या मुलाबद्दल आपल्याशी बोलते. युक्रेनने युद्ध सुरू होताच अठरा ते साठ वर्षांच्या बहुतेक पुरुषांना देश सोडण्यास बंदी केली, त्यामुळे असंख्य बायका एकट्याच मुले घेऊन सीमेपार गेल्या. मुलाचा दात पडला, शर्ट आखूड झाला, हे रोज संध्याकाळी ज्याला सांगायचे तो माणूसच समोर नाही. त्या आईला सल्लागारापेक्षा तिच्या मुलाचे वाढणे पाहणारे कुणीतरी हवे आहे.

हे मला माझ्या आजीमुळे कळले. ती उचगावची. १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या आपल्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत राजवटीने १९४० आणि १९४१ मध्ये सैबेरिया व कझाकस्तानकडे हाकललेली ही माणसे. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि पुढे इराणमार्गे ती हिंदुस्थानात पोहोचली. छावणीतल्या सुमारे पाच हजार जणांत बहुसंख्य बायका आणि मुलेच होती, कारण पुरुष सैन्यात गेले होते, कित्येक वाटेतच दगावले होते. आजी तिथे दुधाचा रतीब घालायची. एका बाईशी तिची मैत्री जमली. एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती, हिशेब बोटांवर व्हायचा. ती बाई दर महिन्याला मुलाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे करायची आणि डोक्याच्या रेषेत कोळशाने खूण करायची, बाप भेटेल तेव्हा त्याला दाखवायला. एके दिवशी तिने माझ्या थोरल्या काकांनाही तिथेच उभे केले आणि शेजारी दुसरी खूण केली. त्यानंतर आजी दूध मापून लगेच निघाली नाही, असे ती सांगायची. युद्ध संपल्यावर ते लोक गेले, चौकट राहिली. पुढे फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी कुटुंबे त्याच छावणीत राहायला आली, तेच आजचे गांधीनगर. नव्या बिऱ्हाडाने ती चौकट रंगवून टाकली. आजीने त्याचे कधी वाईट मानले नाही. त्या बिऱ्हाडातली बाईही घर सोडूनच आली होती, एवढेच म्हणायची.

आता मुलाच्या भाषेविषयी. शाळेची आणि मित्रांची भाषा मूल आधी उचलते. त्यात आईला नाकारण्याचा हेतू नसतो, बरोबरीच्या मुलांत वेगळे दिसू नये एवढीच धडपड असते. वळिवड्याच्या मुलांना छावणीत त्यांच्याच भाषेच्या, म्हणजे पोलिश शाळा होत्या; आपल्या भाषेच्या शाळेची ही सोय या मुलाला सहज मिळणारी नाही. त्याने पोलिशमध्ये उत्तर दिले तरी आईने न रागावता आपल्याच भाषेत बोलत राहावे, निजताना गोष्ट आपल्याच भाषेत सांगावी. ऐकलेली भाषा आत साठत राहते. हे त्यांना जरूर सांगा, पण उपदेश म्हणून नको. आपली मुलगीही परक्या भाषेत काही वर्षे राहून आली आहे; तिचा अनुभव तिनेच सांगितलेला बरा.

पैशांचा विषय पुन्हा काढू नका. ज्या बाईने युद्धात आपल्या लेकीला जेवू घातले, तिला केवळ घेणारी करून ठेवणे तिच्या मनाला लागत असणार. त्यापेक्षा तिच्याकडे काही मागा. बीटाच्या ‘बोर्श्त’ सूपची कृती विचारा, करून पाहा, बिघडली तर तेही कळवा. ‘परत कधी जाणार’ हा प्रश्न मात्र कटाक्षाने टाळा, आणि पतीची खुशाली तिने काढली तरच बोला. भाषांतर पाठवताना सोबत आपला मराठी आवाजही पाठवत जा. शब्द कळले नाहीत तरी माया कळते. तिकडे मूल झोपून तिला सवड होते, तेव्हा आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली असते, म्हणून निरोप रात्री ठेवावा आणि उत्तर सकाळी निवांत ऐकावे. ती झोप, जेवण सोडून बसली किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलू लागली, तर मात्र तिथल्या डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह विलंब न लावता धरावा. तो भार मैत्रीने एकटीने पेलण्याजोगा नाही.

एक गोष्ट आपल्याला ठाऊक नसेल. वळिवड्याच्या आश्रयाची आठवण म्हणून वॉर्सामध्ये कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले होते. माझ्या गावाचे नाव तुझ्या शहरात आहे, असे त्या बाईंना कळवा. मुलाला घेऊन एकदा तिथे जायला सांगा. तिथे काय लिहिले आहे ते त्याने वाचून आईला तिच्या भाषेत समजावू दे. आणि त्याला स्मारकाजवळ उभे करून काढलेला एक फोटो मागून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच काढलेल्या फोटोत तो किती उंच झाला ते आपल्यालाही दिसेल.