इंदुरात राहून, स्वतःची दुर्बीण नसताना, जवळच्या बटू (म्हणजे लहान) दीर्घिकेतल्या म्हाताऱ्या ताऱ्यांचा अभ्यास करता येतो का?

येतो. मी केलाय, तोही इंदुरात कधी न उगवणाऱ्या दीर्घिकेचा.

ती दीर्घिका म्हणजे मोठा मॅगेलनी मेघ. तो आकाशाच्या विषुववृत्तापासून दक्षिणेला जवळजवळ ७० अंशांवर आहे. आपण पावणेतेवीस अंश उत्तरेला, त्यामुळे तो इथल्या क्षितिजावर येतच नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी हा विषय मांडला, तेव्हा विभागातले एक वरिष्ठ सर सगळ्यांदेखत म्हणाले, "जे दिसत नाही त्याचा अभ्यास कसला? दुसऱ्यांनी मोजलेले आकडे घेऊन बसणं म्हणजे खगोलशास्त्र नव्हे." ते अजून लागतं.

टू-मास सर्वेक्षणाने १९९७ ते २००१ मध्ये अ‍ॅरिझोना आणि चिलीतून सगळं आकाश अवरक्त प्रकाशात मोजलं. ते आकडे सर्वांना खुले आहेत. रामबागेतल्या घरी बसून मी त्यांतून या मेघाचा रंग-प्रत आलेख काढला, म्हणजे आडवा ताऱ्याचा रंग आणि उभी त्याची प्रत (तेज). तांबड्या राक्षसी शाखेचं, म्हणजे फुगून लाल झालेल्या म्हाताऱ्या ताऱ्यांच्या रांगेचं, टोक अवरक्तातल्या के नावाच्या पट्ट्यात १२व्या प्रतीच्या आसपास ठळक दिसलं. त्याच्या वर, जे-के रंग (जे आणि के पट्ट्यांतल्या प्रतींचा फरक) १.४ च्या पुढे, उजवीकडे वळलेलं एक लांब शेपूट होतं. ते कार्बन तारे! अशा ताऱ्याच्या पोटातला कार्बन उपसून पृष्ठभागावर येतो आणि ऑक्सिजनपेक्षा जास्त झाला की ताऱ्याचा वर्णपटच बदलतो. जड मूलद्रव्यं कमी असलेल्या दीर्घिकेत मुळात ऑक्सिजन थोडा, म्हणून तिथे कार्बन तारे लवकर बनतात. त्यांचं साध्या एम राक्षसी ताऱ्यांशी (ज्यांत ऑक्सिजनच जास्त असतो) प्रमाण काढलंत, की त्या दीर्घिकेच्या घडणीबद्दल बरंच कळतं.

तुमचे सरही आडवे आले, तर त्यांना हार्वर्ड वेधशाळेतल्या हेन्रिएटा लेव्हिट यांचं उदाहरण सांगा. पेरूतल्या आरेकिपाहून आलेल्या, आकाशाची छायाचित्रं असलेल्या काचेच्या प्लेटा हार्वर्डमध्ये बसून तपासत त्यांनी लहान मॅगेलनी मेघातल्या तेज कमी-जास्त होणाऱ्या २५ ताऱ्यांवरून त्या बदलाचा आवर्तकाल आणि तेजस्वितेचा संबंध दाखवला. १९१२ साली. तो मेघ हार्वर्डहूनही दिसत नाही. त्या संबंधावर पुढे दीर्घिकांची अंतरं मोजली गेली. ते खगोलशास्त्र नसेल तर कशाला म्हणायचं? आज चिलीत दुर्बीण चालवणारासुद्धा शेवटी आकड्यांसमोरच बसतो.

हां, १.४ ची रेघ ब्रह्मवाक्य नाही. धुळीने लाल झालेले एम तारेही तिच्या पलीकडे जातात, खात्रीला वर्णपट लागतो. आपल्या आकाशगंगेतले मधे आलेले तारे गाइया उपग्रहाच्या आकड्यांनी आधी गाळा. आणि एनजीसी ६८२२ सारखी, सोळा लाख प्रकाशवर्षांवरची दीर्घिका हवी असेल, तर टू-मास तोकडं पडतं. वेब अवकाश दुर्बिणीची खुली निरीक्षणं घ्या.