बांधकाम कामगारांना हुरूप देऊन कामाचा वेग कसा वाढवावा?

तुम्ही लिहिलंय की बोनस लावला, साईटवर मोबाईल बंद केला, तरी काम उरकत नाही. आधी गवंडी कशासाठी खोळंबलाय ते बघा. विटा वर चढवलेल्या नसतात, नाहीतर वाळूचा डंपर साडेदहाला उगवतो. वर कामचुकार म्हणून नाव त्याचंच.

मी हे शिकलो ते कोल्हापूरजवळ कळंब्याच्या एका बंगल्यावर. ठेका माझा, नकाशा आणि देखरेख मेहुण्याची. तो सिव्हिल इंजिनिअर. मेस्त्री राधानगरीकडचे, साठीला आलेले. जिन्याचं आणि स्लॅबचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा फळ्यांचा साचा, ठोकून झालं होतं, सळई बांधणं चाललं होतं. मेस्त्री चौथ्या पायरीच्या जागेवर उभे राहिले आणि हातातली थापी वरच्या बीमच्या फळीला टेकवली. कोपर सरळसुद्धा झालं नव्हतं. म्हणाले, "सायब, हितं डोस्कं लागतंय."

मेहुणा फोनवर होता. म्हणाला, "तुम्हाला नकाशा कळतो का? थापी चालवा."

मेस्त्रींनी थापी घमेल्यात टाकली. त्यानंतर सांगितलं तेवढंच काम. बाथरूमच्या भिंतीत प्लंबरचा पाइप राहिलाय हे त्यांना दिसत होतं, तरी गिलावा मारून मोकळे! मी विचारलं तर म्हणाले, "आमाला कुठं नकाशा कळतोय?"

जिना ओतला आणि डोकं लागलंच. मग खालचा टप्पा फोडून पुढं सरकवून परत ओतला. अकरा दिवस गेले, पैसे माझ्या खिशातले. सांगा, कुठल्या बोनसनं भरून निघणार?

तेव्हापासून सकाळच्या चहाला नकाशा फळीवर पसरतो. उद्याला काय लागणार ते मेस्त्री सांगतात. खिळे, बाइंडिंग तार असलं किरकोळ ते परस्पर आणतात, मी चिठ्ठी बघून पैसे देतो. शनिवारचा पगार शनिवारीच, मग बिलं अडकलेली असोत. उक्तं, म्हणजे रोजावर नाही तर कामावर ठरवून, द्यायचं तर वीटकाम द्या. टाइल्स उक्त्यावर दिल्या की महिन्यानं ठोकून बघा, डबडब वाजतात.

अर्थात हे दहा-बारा माणसांच्या साईटचं झालं, टॉवरवाल्यांचं मला माहीत नाही. आणि सगळेच मेस्त्री असे नसतात, उचल घेऊन पळालेलेही बघितलेत. हां, एक राहिलं. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीला वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर त्यांच्याच नावानं भरला जातो, आणि त्या दाखल्यावर सही करायची म्हटली की आमच्या ठेकेदारांतल्या भल्याभल्यांचं पेन सापडत नाही. तेवढी सही करा, बोनस राहू दे.

मेहुणा अजून म्हणतो, मी कामगारांना डोक्यावर चढवलंय. रविवारी तांबडा-पांढरा ओरपता ओरपता विषय निघतोच. परवा मी अकरा दिवसांचा हिशेब काढला, तर म्हणतो कसा, मेस्त्रींनी दुसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं.