ठाण्यात घोडबंदर रोडला एकजण 'टीकप पॉमेरेनियन'चं, म्हणजे नेहमीच्या पॉमहून बारीक म्हणवणारं पिल्लू जास्त पैसे घेऊन विकतोय. जातीच्या मानकात टीकप असा प्रकार असतो का?

नाही, 'टीकप' असा प्रकार कोणत्याही मान्य मानकात नाही, त्यामुळे त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. मी स्वतः डॉग शोमध्ये पॉम उतरवते, म्हणून हे मानक नेहमी हाताळावं लागतं. आपल्याकडे केनेल क्लब ऑफ इंडिया एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेचं मानक धरतो. त्यात पॉम जर्मन स्पिट्झमध्ये येतो, उंची खांद्याशी २१ सेंमी, ३ सेंमी कमी-जास्त चालते. अमेरिकन मानकात वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे साधारण १.४ ते ३.२ किलो. याहून बारीक पिल्लांचे फार हाल होतात हो: एखादं जेवण चुकलं तरी साखर उतरते, डोक्यावरची टाळू नीट भरत नाही, गुडघ्याची वाटी सरकते.

बघायला जाल तेव्हा:
- आईला प्रत्यक्ष बघा. ती ५-६ किलोची, लांब तोंडाची असेल तर बहुतेक इंडियन स्पिट्झ. गुणी कुत्रा, पण पॉम नव्हे.
- केनेल क्लबचे कागद मागा, मायक्रोचिपचा नंबर जुळवा.
- आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. वय जास्त सांगून 'बघा किती छोटं' म्हणतात.

एक मात्र आहे, ही मापं पूर्ण वाढलेल्या कुत्र्याची. दोन महिन्यांच्या पिल्लावरून खात्रीने काही सांगता येत नाही, आणि घरात सांभाळायला चार किलोचा धडधाकट पॉमही उत्तमच.